डबा कॅमेरा आणि सिंधूचा उजवा हात

"तुमच्या धंद्यातले अनुभव दिवाळी अंकासाठी लिहून द्या," असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा माझ्यामागे दुसरं कोणी उभं आहे का, हे मी आधी वळून पाहिलं. आयुष्यभर एक काम केलेल्या माणसांनी असे लेख लिहायचे असतात. माझा धंदा म्हणजे कॉलेज शिकता शिकता केलेलं फोटो काढण्याचं काम, तेही दोन-तीन वर्षांचं, आणि तेही एका पत्र्याच्या डब्यावर. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटीच्या पुढे गेलं नाही. त्यामुळे छापण्यासाठी लिहायला बसताना आपण दुसऱ्याच्या पाटावर बसलो आहोत असं वाटतं. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. जे सांगायचं आहे ते मला स्वतःलाच पुरतं उमगलेलं नाही. माझ्या एका फोटोमुळे एका मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. फोटो दुसऱ्या कोणाचा नव्हता, मी खोटं बोललो नव्हतो, आणि त्या मुलीचा तर काहीच दोष नव्हता. तरी मोडलं. कसं, ते ओळीने सांगण्याचा प्रयत्न करतो.

नवे पैसे नुकतेच चालू झाले होते, त्या सुमारास मी अमळनेरला कॉलेजात आलो. बोर्डिंगमध्ये राहायची सोय झाली, पण पुस्तकं आणि फी यांची ओढाताण होती. गावाकडे लग्नाचे, जत्रेचे, बैलांचे फोटो काढायला कोणी नसतं, शहरातला फोटोवाला तिकडे जात नाही, हे मला ठाऊक होतं. जळगावच्या जुन्या बाजारात एक म्हातारे घड्याळवाले बसत. त्यांच्याकडे घड्याळांच्या ढिगात एक काळा डबा पडलेला दिसला. पुढे एक काच, बाजूला एक खटका, फिल्म फिरवायला एक किल्ली आणि वर बोटाच्या पेराएवढी खिडकी. बस. मी तो उचलून पाहत होतो तेव्हा म्हातारे म्हणाले, "सूरज पीठपर, आदमी सामने, साँस बंद. इसमें और कुछ है ही नहीं, बेटा." त्यांचं शिक्षण एवढंच आणि माझंही तेवढ्यावरच सुरू झालं.

ज्यांनी असा डबा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात एकशेवीस नंबरचा रोल बसतो. सिनेमाच्या फिल्मपेक्षा तो चांगला रुंद असतो आणि त्याच्या पाठीला काळा कागद चिकटलेला असतो. कागदावर आकडे छापलेले असतात. डब्याच्या पाठीमागे एक लाल काच असते, तिच्यातून तो आकडा दिसला की फिल्म जागेवर आली असं समजायचं. रोलमध्ये आठ फोटो निघतात. फिल्मच मोठी असल्यामुळे फोटो वाढवून घ्यावा लागत नाही. पत्त्याच्या पानाएवढी निगेटिव्ह असते, ती कागदावर ठेवून उजेड दाखवला की तेवढाच फोटो तयार. म्हणून गरिबाला हेच परवडतं. महागड्या कॅमेऱ्यासारखं अंतर जुळवणं किंवा उजेड कमी-जास्त करणं यात नाही. माणूस आठ-दहा फुटांवर उभा करायचा, डबा पोटाशी धरायचा, मान खाली घालून वरच्या खिडकीत पाहायचं आणि खटका ओढायचा.

ही मान खाली घालण्याची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

पहिल्या रोलला माझी फजिती झाली ती म्हाताऱ्यांच्या 'साँस बंद'मुळे. श्वास मी रोखायचा होता, म्हणजे हात हलत नाही. मी समोरच्यांनाही सांगितलं, "श्वास रोखा." गावातल्या भजनी मंडळाचा फोटो होता. मंडळाने श्वास रोखला, इकडे माझा आकडा लाल काचेत येईना, आणि मंडळ मोठ्या इमानाने थांबून राहिलं. फोटोत सगळे पाण्याखाली बसल्यासारखे डोळे वटारून आहेत. मृदंगवाल्याने मला नंतर विचारलं, "भाऊ, मरानं शे का फोटो काढानं शे?"

दुसरी फजिती पोळ्याची. एका शेतकऱ्याला आपली खिल्लारी जोडी शिंगांच्या टोकासकट हवी होती. बैल एका बाजूला चालू लागले की मी खिडकीत पाहून डबा वळवायचो, आणि बैल होते त्याहून जास्तच बाहेर जायचे. शेवटी फोटोत एक शेपटी आणि अर्धा मालक आला. त्या खिडकीत सगळं उलट्या बाजूला सरकतं, हे पुढे हातांना सवयीने कळलं. बैल इकडे गेले की हात आपोआप डबा तिकडे नेऊ लागले. पण हात शिकले म्हणजे मी शिकलो असं नव्हे. मी त्यावर कधी विचारच केला नाही. केला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

सुरुवातीला मी रोल धुवायला जळगावच्या एका स्टुडिओत देत असे. त्यात हाती काही उरेना. मग ठरवलं की घरीच धुवायचं. कॉलेजच्या ग्रंथालयात एक इंग्रजी पुस्तिका सापडली. कोश उघडून मी ती वाचली. ताटलीत औषध घ्या, लाल उजेडात फिल्म वरखाली हलवत धुवा, मग फोटो पक्का करणाऱ्या हायपोत टाका, इथवर ठीक समजलं. पुढे 'इमल्शनची बाजू कागदाकडे ठेवा' असं होतं. कोशात इमल्शनचा अर्थ दुधासारखा पातळ पदार्थ. मी धुतलेली निगेटिव्ह उजेडात धरून दूध शोधत बसलो. धुण्याआधी फिल्मची एक बाजू दुधी दिसते खरी, पण धुतल्यावर ते सगळं निघून जातं. एक बाजू चकचकीत, एक मंद. कागदाचीही एक बाजू चकचकीत. मला वाटलं, चकचकीतला चकचकीत लावावी. वह्यांची पानं जुळवताना आपण तसंच करतो. मी तसंच केलं.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी गावी होतो. उन्हाळा असा की औषधात हात घातला तर ते ऊन लागे. गरम पाण्यात फिल्मवरचा थर सायीसारखा सुटतो, म्हणून आईने मला तिचा माठच दिला. आमच्या धान्याच्या खोलीला खिडकी नाही. तिच्यात कंदिलाला लाल कागद गुंडाळून मी बसत असे, आणि बाहेर आबा, म्हणजे माझे वडील, दाराशी बसून कोणालाही आत येऊ देत नसत. कोणी विचारलं तर म्हणत, "पोऱ्या पानीमा मानसं धुई राह्यना."

शेजारच्या गावच्या दगडू नानांनी आबांकडे निरोप पाठवला. नाना कापूस पिकवणारे, चार बैलांचे शेतकरी. आबांशी जुनी ओळख. त्यांच्या मुलीला, सिंधूला, शिरपूरकडच्या एका घरातून मागणं आलं होतं. मुलगा शेतीत होता, घरचं चांगलं होतं, मुलीचा फोटो मागितला होता. सिंधू सातवीची फायनल पास झालेली. त्या गावात मुलींमध्ये ती एकटीच.

मी डबा घेऊन गेलो तेव्हा निंबाला झोके बांधले होते आणि माहेरी आलेल्या मुली गाणी म्हणत होत्या. मला पाहून एक ओरडली, "ओ फोटोवाला, त्या डबामा काय शे? भाकर का ठेचा?" सगळ्या हसल्या. मी मान खाली घातली ती घरात जाईपर्यंत वर केली नाही. लग्नाच्या मुलीचा फोटो काढायला आलेला परका तरुण मी. कुठे पाहायचं ते मला कळत नव्हतं. अशा वेळी तो डबा फार सोयीचा असतो. त्यात पाहायचं म्हणजे मान खालीच घालावी लागते.

नाना म्हणाले, "मन्ही पोर फायनल पास शे. लिखतानाच फोटो काढ. पेन दिसाले जोयजे."

अंगणातल्या पांढऱ्या भिंतीपुढे चौरंग ठेवला, सिंधू बसली, गुडघ्यावर पाटी आणि पाटीवर कागद. मागे दार आणि दाराशेजारी कोनाडा. मी डबा पोटाशी धरला. खिडकीत ती बोटभर दिसली. पदर डोक्यावर, हातात पेन. मी तिथेच पाहत राहिलो. आकडा बरोबर आहे का हे पाहायला मी डबा उलटा केला, पुन्हा सरळ केला, पुन्हा खिडकीत पाहिलं.

नानांची बहीण, जिला सगळे अक्का म्हणत, ओट्यावरून बोलली, "ओ दगडू, हाऊ पोऱ्या वर देखतच नई! पोरना फोटो काढी राह्यना का जमीनना?"

खिडकीतली सिंधू हसली. मी तेव्हाच खटका ओढला. तो फोटो चांगला आला. माझ्या सगळ्या कामात तेवढाच चांगला आला, असं मला वाटतं.

घरी छापलेला तो माझा पहिला फोटो. दोन प्रती काढल्या, एक शिरपूरला पाठवायला, एक नानांना. मी त्या घेऊन गेलो तेव्हा नानांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. "शे तं सिंधूच," ते म्हणाले. "पन..." अक्काने पाहिला. "हाऊ पदर इकडथीन कसा उना? गुजरातणीसारखा?" नाना म्हणाले, फोटोत तसंच दिसत असेल. शेजारचे दोघे आले, त्यांनीही पाहिला. तेही म्हणाले, आहे सिंधूच, पण काहीतरी वेगळं आहे. काय, ते कोणाला सांगता येईना. मी घाबरलो. मग सिंधूला आतून बोलावलं. तिने फोटो हातात घेतला आणि लगेच म्हणाली, "माले तं बराबर दिखस. हाई मीच शे." ज्याचा फोटो त्यालाच पटला, मग बाकीच्यांना काय, असं म्हणून एक प्रत शिरपूरकडे रवाना झाली.

कॉलेज उघडल्यावर एका दुपारी बोर्डिंगच्या दाराशी दोन पाहुणे उभे राहिले. एक पागोटेवाले धनजी आबा, म्हणजे नवऱ्या मुलाचे वडील, आणि दुसरा त्यांचा भाऊ. अमळनेरच्या बाजाराला आले होते. त्यांनी उपरण्याच्या गाठीतून फोटो काढला.

तो फोटो त्यांच्या घरी आल्यापासून तिथे काय गोंधळ चालला होता, तो त्यांनीच सांगितला. मुलगी पसंत होती. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पेन वेगळ्या हातात दिसतं. एक म्हणे उजवा, एक म्हणे डावा. समोर बसलेल्या माणसाचा उजवा हात आपल्या कोणत्या बाजूला येतो, यावर घरात भांडण झालं. धाकट्या भावाला चौरंगावर बसवून हातात काडी दिली. दुसऱ्याने फोटो छातीवर धरून पाठ फिरवली. शेवटी निकाल लागला की हात डावाच आहे. आणि डाव्या हाताने लिहिणारी मुलगी डाव्या हातानेच वाढणार, डाव्या हातानेच देवापुढे दिवा लावणार.

धनजी आबा म्हणाले, "भाऊ, तू कालेजमा शिकस. तू तठे व्हता. खरं सांग, पोरना कोनता हातमा पेन व्हता?"

मी डोळे मिटले. खोटं बोलायचं नाही, एवढं एकच मला घरून मिळालेलं शिक्षण होतं. डोळ्यांपुढे ती बोटभर खिडकी आली, तिच्यातली सिंधू आली, तिचा हात आला. मी स्वतःला मनातल्या मनात त्या चौरंगावर बसवलं आणि नीट पडताळून पाहिलं.

"डाव्या," मी म्हणालो.

"कालेजना पोऱ्या खोटं कसाले बोली," असं भावाकडे वळून म्हणत धनजी आबा उठले. मला बरं वाटलं. आपल्या साक्षीला किंमत आहे, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

श्रावणात कानबाईच्या सणाला गावी गेलो तेव्हा आबांनी मला ओट्यावरच थांबवलं. शिरपूरचं मागणं परत गेलं होतं. नुसतं परत गेलं नव्हतं, सिंधू डावखुरी असून बापाने लपवलं, अशी बोलवा नात्यात झाली होती. आणखी एका घराने त्यावरून पाय मागे घेतला होता. आबा एवढंच म्हणाले, "जाय. नानासले तोंड दाखाड."

गेलो. नाना मला पाहून उभे राहिले. "तुन्हा एक शबदघाई मन्ही पोरनं लगन मोडनं! कोनता डोयाघाई देखं तू?" मी म्हणालो, नाना, मी पाहिलं तेच सांगितलं. ते म्हणाले, ती उजव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने जेवते, सगळ्या गावाने पाहिलं आहे. मी म्हणालो, पण मी पाहिलं तेव्हा पेन डाव्या हातात होतं. मग ते घरातला फोटो घेऊन आले, आणि फोटोतही पेन डाव्या हातातच होतं. मला वाटू लागलं की माझ्या डोक्यात काही बिघाड आहे. नानांना बहुतेक वाटत असावं की भानामती आहे.

सिंधू दाराच्या आत उभी होती. ती म्हणाली, "नाना, फोटो इकडे आना." तिने कोनाड्यातला वेणीचा आरसा काढला, त्याच्यापुढे फोटो धरला आणि नानांना बोलावलं. नाना वाकले. आरशातली सिंधू उजव्या हाताने लिहीत होती. पदरही नेहमीच्या बाजूने होता. अक्काने तिसरं पाहिलं. "कोनाडा बी जागावर उना!" फोटोत तो दाराच्या दुसऱ्या बाजूला गेला होता, हे इतके दिवस कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

सिंधू आपल्या वडिलांना सांगत होती, पण ते माझ्यासाठी असावं. ती रोज आरशात स्वतःला बघते. फोटोतली मुलगी आरशातल्यासारखीच, म्हणून तिला तो फोटो बरोबर वाटला. बाकी सगळे तिला समोरून बघतात, म्हणून त्यांना तो बरोबर वाटला नाही. म्हणजे फोटो आरशासारखा झाला आहे. ती इतकं सरळ बोलली की मला ते तिथे कळलं, आणि घरी जाताना वाटेत पुन्हा कळेनासं झालं.

घरी जाऊन मी डबा उघडला. वरच्या खिडकीखाली एक लहानसा आरसा तिरका बसवलेला असतो. तो मी आधीही पुसला होता. मग निगेटिव्ह घेतली, मंद बाजू कागदाकडे केली, आणि छापून पाहिलं. पेन उजव्या हातात आलं. म्हणजे एकच चूक माझ्याकडून दोनदा झाली होती. एकदा डब्याने उलटं दाखवलं, एकदा मी उलटं छापलं. दोन्ही उलटी एकमेकांना जुळली, म्हणून मला शंका आली नाही. आणि त्यांच्यामध्ये खरी सिंधू आठ-दहा फुटांवर बसली होती, तिच्याकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. नुसती मान वर केली असती तरी पुरे होतं. पण तशी वर करणं मला शोभलं नसतं, हेही खरंच. यात चुकलं कुठे ते अजून ठरवता येत नाही.

नवा फोटो आणि निगेटिव्ह घेऊन मी एसटीने शिरपूरकडे गेलो. धनजी आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी आरसा मागितला, दाखवलं, निगेटिव्ह दोन्ही बाजूंनी धरून दाखवली. ते म्हणाले, "म्हंजे पहिला फोटो उलटा शे, आनि हाऊ सुलटा शे."

"हो, आबा."

"हाई कोन सांगस?"

"मी."

"पहिला फोटोना टाइमले बी तूच सांगं ना?"

ते चिडले नव्हते, त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. त्यांच्या भावाने मार्ग काढला की मुलीने आमच्यासमोर बसून लिहून दाखवावं. पण नानांनी आधीच सांगून ठेवलं होतं की फायनल पास झालेली आपली मुलगी आता कोणाच्या ओट्यावर परीक्षा देणार नाही. मी ते सांगितलं. बैठक तिथेच थांबली.

तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन एक तरुण बाहेर आला. तांब्या ठेवून त्याने माझ्याकडचा नवा फोटो घ्यायला हात पुढे केला. आतून कोणी बाई जोरात खाकरल्या. त्याने तो हात मागे घेतला आणि दुसरा पुढे केला. हाच नवरा मुलगा, पंढरी. त्याने फोटो बराच वेळ पाहिला. मी निघालो तेव्हा तो एसटीच्या थांब्यापर्यंत माझ्याबरोबर आला आणि तिथे हळूच म्हणाला, "म्हंजे ती डावखुरी नई?"

"नाही, नाही! अजिबात नाही," मी खुशीने म्हणालो. "तुम्ही अगदी निर्धास्त राहा."

त्याचा चेहरा पडला. सुलटा फोटो त्याने मला परत दिला आणि घराकडे गेला. एसटीत मी विचार करत होतो की मी कोणाला काय सांगितलं म्हणजे कोण खुश होतं.

त्यानंतर मी फोटोचं काम कमी केलं. कोणी लग्नाच्या मुलीचा फोटो काढायला बोलावलं की मी परीक्षेचं कारण सांगे. बैलांचे, भजनी मंडळांचे फोटो काढले. प्रत्येक फोटो देताना गिऱ्हाइकाला आधी उजवा हात वर करायला लावून मी फोटोशी जुळवून पाहत असे. लोकांना वाटे, शपथ घ्यायला लावतो. सुलटा फोटो नानांना नेऊन दिला, पण त्यांच्या गावात जाणं टाळू लागलो. सिंधूचं कुठे ठरलं का, हे विचारायचं धैर्य होत नव्हतं. आबाही बोलत नसत. बी. ए.ची परीक्षा दिली आणि धुळ्याला एका कचेरीत तात्पुरती कारकुनी मिळाली म्हणून तिकडे गेलो. डबा ट्रंकेत गेला.

या पावसाळ्यात आबा मला भेटायला धुळ्याला आले. भाकरी सोडल्या, कांदा फोडला, आणि जेवता जेवता त्यांनी सांगितलं की सिंधूचं लग्न झालं. आखाजी झाल्यावर लगेच झालं. शिरपूरलाच, त्याच घरी.

"पंढरीशीच का?" मी विचारलं.

पंढरीने वर्षभर एकही मुलगी पसंत केली नव्हती. शेवटी धनजी आबा त्याला घेऊन नानांकडे आले. कापसाचं बियाणं पाहायला आलो, असं म्हणाले. अक्काने पाणी दिलं ते पंढरीने डाव्या हाताने घेतलं आणि बापाने डोळे वटारताच उजव्या हातात घेतलं. ते सिंधूने आतून पाहिलं. धनजी आबांनी घुटमळत, लाजत, विषय काढला की मुलीने दोन अक्षरं लिहून दाखवली तर बरं. नाना उसळले. पण सिंधू स्वतःच कागद घेऊन बाहेर आली, उजव्या हाताने आपलं नाव लिहिलं आणि पेन पंढरीपुढे धरलं. "आते तुम्हीन लिखा."

आमचे आबा तेव्हा ओट्यावरच बसले होते. पंढरीने बापाकडे पाहिलं, मग पेन डाव्या हातात घेऊन आपलं नाव लिहिलं. बापासमोर त्या हाताने त्याने पहिल्यांदाच काही लिहिलं होतं. लहानपणी त्या हातावर छड्या बसल्या होत्या, रात्री हात बांधून ठेवला होता. घरात त्याची वाच्यता नव्हती. आणखी एक डावखुरं माणूस घरात आलं तर झाकलेलं सगळं उघडं पडेल, ही धनजी आबांची भीती होती. आणि पंढरीला तीच मुलगी हवी होती ती आपल्यासारखी डावखुरी वाटली म्हणूनच. सुलटा फोटो पाहून त्याचं मन मोडलं होतं. पण बापाकडून घेतलेला माझा उलटा फोटो त्याने परत दिला नव्हता. तो वर्षभर त्याच्या खिशात होता.

"अक्षर कसं होतं?" मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

"माले काय समजस?" आबा म्हणाले. "सिंधू म्हने, मन्हापेक्षा बेस शे."

लग्नात नानांनी सुलटा फोटो जावयाला द्यायला काढला. सिंधूच म्हणाली, "र्‍हाऊ द्या नाना. त्यासनाजोडे शे, तोच मन्हा फोटो शे."

आबांना वाटलं मला आनंद होईल. "तुन्हा फोटो वाया नई गया, भाऊ," ते म्हणाले. मला आनंद झालाही. पण मी त्या उलट्या सिंधूचाच विचार करत होतो. ती सिंधू फक्त आरशातून तिला स्वतःला दिसते, आता पंढरीला खिशात दिसते, आणि त्या दुपारी हसताना बोटभर खिडकीत मला दिसली होती. दुसरी कुठली सिंधू मी पाहिलेली नाही.

"मग तो सुलटा फोटो कुठे आहे?" मी विचारलं.

"नानासना घर," आबा म्हणाले. "चौकट करी, दारवर टांगेल शे. मान वर करीसनच देखना पडस."